दोन सभासदांची संस्था

पपई दोघांत सारखी कापता येत नाही, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आडवी कापली तर देठाकडचा भाग निमुळता आणि खालचा गरगरीत. उभी कापली तर एका फाळीत बिया जास्त. आता बिया कोण खातं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते.

"बिया जास्त म्हणजे खड्डा मोठा," थोरला म्हणाला. "खड्डा मोठा म्हणजे गर कमी."

"मग मला बियावाली दे," धाकटा म्हणाला.

"अरे, त्यात गर कमी आहे, आत्ताच दादा म्हणाला ना?"

"पण त्याला ती नकोय म्हणजे तिच्यात काहीतरी असेल."

थोरला तिसरीत आहे, धाकटा पहिलीत. शहादा तालुक्यात पपई ही नवलाईची वस्तू नव्हे. इथं ती शेतंच्या शेतं भरून पिकते, ट्रकांतून उत्तरेकडे जाते आणि व्यापाऱ्यानं आकारावरून नाकारलेली फळं पिशव्या भरभरून शेजारीपाजारी वाटली जातात. माझ्या ओट्यावर एक कापत असताना आणखी दोन-चार पिकत पडलेल्या असतात. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वाद असतो तो सुरीखाली आलेल्या पपईचा. ओट्यावरच्या पपया म्हणजे सरकारी जमीन, आणि सुरीखालची म्हणजे वडिलोपार्जित.

यात आणखी एक लाजिरवाणी गोष्ट अशी, की मी गणिताच्या शिकवण्या घेते. दहावीच्या मुलांना वर्गसमीकरणं शिकवते. दोननं भागणं मला घरात अजून जमलेलं नाही.

आम्ही राहतो पुरुषोत्तमनगरला. हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारानं हा कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे कसे जमवले याच्या गोष्टी सासरे, म्हणजे आबा, अजून सांगतात. बांध इकडचा का तिकडचा यावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एकाच गव्हाणीत ऊस टाकायला लागली, हा आबांच्या मते विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा चमत्कार. चंद्रावर माणूस उतरला त्याचा नंबर त्यानंतर. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू केला, तेव्हापासून महाराष्ट्रानं जगाला सहकार शिकवला. आमच्या गावात तर तो हवेतच आहे. पाटीवर सहकार, पावतीवर सहकार, पिशवीवर सहकार. आणि अशा पुण्यभूमीत, एकाच आईच्या पोटी जन्मलेले दोन भाऊ एका रिमोटवर सहकार करू शकत नाहीत.

"आबा, तुम्ही सांगा ना यांना."

आबा वर्तमानपत्र खाली करतात, चष्म्यावरून दोघांकडे बघतात. "पोरे शेतस, भांडतीनच," म्हणतात आणि वर्तमानपत्र पुन्हा वर करतात. हजारो सभासदांच्या सहकाराचे गोडवे गाणारा माणूस दोन सभासद दिसले की तटस्थ होतो.

धुळे जिल्हा मोडून आमचा नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. सहा तालुके उचलून वेगळे काढले, कचेऱ्या लागल्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा बदलल्या. एवढी मोठी वाटणी, पण "त्याच्या वाट्याला दोन तालुके जास्त गेले" म्हणून धुळ्यानं जमिनीवर लोळण घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे पापडाचा तुकडा मोडला की लोळण ठरलेली.

गणिताच्या माणसानं हार मानायची नसते म्हणून मी शास्त्राकडे वळले. दोघांत वाटणी करायचा फार जुना उपाय आहे: एकानं कापावं, दुसऱ्यानं निवडावं. कापणाऱ्याला भीती असते की मोठा तुकडा दुसरा नेईल, म्हणून तो सारखंच कापतो. इतका सोपा, की गणितज्ञांना तो फारच किरकोळ वाटला. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञानं दोघांवर वेळ घालवला नाही. माणसं दोनापेक्षा जास्त असली तर वाटणी कशी करायची यावर त्यानं 1948 साली निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे दोघांचा प्रश्न सुटलेलाच आहे, असं जगभरच्या गणितज्ञांनी धरून चालायचं ठरवलं. यांपैकी एकानेही पुरुषोत्तमनगरला येऊन खात्री करून घेतली नाही.

पहिला मान थोरल्याला दिला. त्यानं कंपासपेटीतली पट्टी आणली. पट्टी धुवायला सांगितली, धुतली. मग पेन्सिलीनं पपईवर रेघ मारायला लागला. पिकलेल्या पपईवर पेन्सिल उमटत नाही, रुतते. खोडायला रबर आणलं. शेवटी रेघ पूर्ण झाली तेव्हा पपईचा रस कोपरापर्यंत आला होता आणि धाकटा भुकेनं रडत होता. सुरी फिरली. दोन्ही फाळी, मी शपथेवर सांगते, आजवरच्या सगळ्यात सारख्या होत्या. धाकट्यानं डावी निवडली. थोरला जरासा हसला. झालं.

"तो हसला! मला उजवी पाहिजे."

"एकदा निवडलं की बदलता येत नाही, राजा. नियम आहे."

"कोणाचा?"

"गणिताचा."

"मला गणित नाहीये अजून. आम्हाला नुसत्या बेरजा आहेत."

दुसऱ्या वेळी कापायचा मान धाकट्याचा. त्यानं पट्टीबिट्टी काही मागितली नाही. सुरी धरायला मी हात लावला होता, पण दिशा त्याची. एका बाजूला नखाएवढी चकती निघाली, दुसऱ्या बाजूला उरलेली अख्खी पपई. मग स्टाइनहाउसच्या आत्म्याला साक्षी ठेवून त्यानं ती अख्खी पपई उचलली. "मी कापलं आणि मीच निवडलं. दादाचा वेळ वाचला."

त्यानंतर मी वजनकाटा काढला, तो स्वयंपाकघरातला, बेसन मोजायचा. कारखान्याच्या गावात वजनकाट्याला मान आहे. पण वजनकाट्याबरोबर वजनकाट्याबद्दलच्या शंकाही येतात, हे मी विसरले. दोन्ही वाट्यांत ग्रॅमपर्यंत सारखा गर भरला, तरी धाकटा डोळे बारीक करून म्हणाला, "मम्मी, काटा मारलास!" हे त्यानं कुठं ऐकलं, देव जाणे. आबा वर्तमानपत्रामागे खोकले.

पपई निदान गोडीवरून भांडायला लावत नाही. ऊस तसा नाही. हंगाम सुरू झाला, गव्हाणीत पहिली मोळी पडली की बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, आणि आमचे चिरंजीव कुंपणापाशी उभे राहतात. कुणी गाडीवान कौतुकानं एखादा ऊस ओढून देतो. एकच देतो, हीच त्याची चूक. शाळकरी बुद्धीला वाटेल, मधोमध मोडला की झालं. पण ही पोरं शेतकऱ्याची नातवंडं. ऊस बुडख्याकडे गोड आणि शेंड्याकडे अळणी, हे त्यांना बाराखडीच्या आधी कळलेलं. लांबीची वाटणी म्हणजे शेंडा घेणाऱ्यावर उघड उघड अन्याय.

"वजन सारखं आहे ना?" मी.

"वजन काय करायचंय मम्मी? उतारा बघ!"

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते तो आकडा. उसाचा भाव त्यावर ठरतो. तिसरीतल्या मुलाला सात आठे किती हे विचारलं तर तो छताकडे बघतो, पण उतारा त्याला पाठ. शेवटी एकेक पेर आलटून पालटून द्यायचं ठरलं: बुडख्याकडून पहिलं थोरल्याला, दुसरं धाकट्याला, तिसरं थोरल्याला. इथं धाकट्याच्या लक्षात आलं की प्रत्येक जोडीत दादाचं पेर त्याच्या पेरापेक्षा बुडख्याला जवळ आहे. याला नुसत्या बेरजा येतात, असं तो म्हणाला होता. त्यांचा वाद संपेपर्यंत ऊस मी आणि आबांनी खाल्ला.

नवऱ्याचं या सगळ्यावर एक धोरण आहे: आश्वासन. हंगामात त्याच्या कारखान्यातल्या पाळ्या बदलत असतात. दिवसाची असली तर तो रात्री दमलेला असतो आणि रात्रीची असली तर दिवसा झोपलेला असतो. मधल्या अर्ध्या तासात तो घरात शांतता विकत घेतो, तीही उधारीवर. "भांडू नका, तुम्हाला कुल्फी देईन." असंच एकदा बोलला आणि विसरला. त्याला वाटलं, पोरंही विसरतील.

आता आबांच्या मांडीवर बसून पोरं कसल्या गोष्टी ऐकतात ते सांगायला हवं. इतर घरांत आजोबा कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट सांगतात. आमच्याकडे एफआरपीची. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा किमान दर ठरवतं. 2024-25 ला तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 340 रुपये होता. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात तशी तरतूद आहे. ही गोष्ट आबा इतकी रंगवून सांगतात, की शेवटी व्याज मिळतं तेव्हा दोघं टाळ्या वाजवतात.

तर दीड महिन्यानं, नवरा रात्रपाळीहून येऊन पाठ टेकतोय तोच थोरला वही घेऊन उभा.

"पप्पा, कुल्फी वीस रुपयांची. चौदा दिवस कधीच झाले."

"कसली कुल्फी?"

"एक महिन्याचं व्याज झालं पंचवीस पैसे. मम्मीनं हिशेब तपासलाय."

तपासला होता मी. वीस रुपयांवर दरसाल पंधरा टक्के, म्हणजे महिन्याला बरोबर पंचवीस पैसे. शिक्षिका म्हणून ऊर भरून आला होता, बायको म्हणून त्याहून जास्त. नवऱ्यानं खिसे चाचपले. "पंचवीस पैशांचं नाणं बंद झालंय रे. 2011 मध्येच."

"मग एक रुपया द्या. पुढचं पुढे वळतं करू."

रुपया मिळाला. तो बघून धाकटा आला. त्याची कुल्फी वेगळी, त्याचं व्याज वेगळं, आणि त्याचा रुपया दादाच्या रुपयापेक्षा जास्त चमकणारा हवा. नवऱ्याला झोप लागली तेव्हा शाळेची वेळ झाली होती आणि कुल्फी अजून बाकीच होती.

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळीकडे वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायच्या असतात. आबा दोघांना एका सभेला घेऊन गेले. कुठल्या संस्थेची ते विचारू नका. तिथं मुलांना दोन गोष्टी आवडल्या. एक, चिवड्याचं पुडकं, कारण प्रत्येकाला सारखं आणि छापील वजनाचं मिळालं. दुसरी, माईकवरून विषय वाचून व्हायच्या आत मागून उठणारी "मंजूर, मंजूर!" ही आरोळी. घरी आल्यावर मला युक्ती सुचली. आपणही दर रविवारी सभा घेऊ. भांडण होईल तो विषय पत्रिकेवर घेऊ. एक सभासद, एक मत, हे सहकाराचं तत्त्वच आहे.

पहिल्या सभेत विषय क्रमांक एक: एसटीत खिडकीशी कोण बसणार. मी प्रस्ताव वाचला, "शहाद्याला जाताना थोरला आणि येताना..."

"मंजूर, मंजूर!"

"अरे, पूर्ण ऐका तरी."

"मंजूर!"

सगळे विषय पाच मिनिटांत मंजूर. मला वाटलं, जिंकलं. मग आला शेवटचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय. या कलमात महाराष्ट्रात काय काय मंजूर झालेलं आहे ते मी तरी आठवायला हवं होतं. धाकटा उभा राहिला. "आपल्याकडे कुत्रा आणायचा." अनुमोदन थोरल्याचं. गरोदर बाईला डोहाळे लागावेत तशी आबांना एकदम कुत्र्याची ओढ लागली. त्यांचंही मत बाजूनं. नवरा पेंगत होता, त्याची मान खाली गेली ती होकारात मोजली गेली. चार विरुद्ध एक. दोघा भावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूनं मतदान केलं, ते माझ्या विरुद्ध. ठराव इतिवृत्तात आहे. अंमलबजावणी निधीअभावी प्रलंबित आहे आणि तशीच राहील, याची मी अध्यक्ष या नात्यानं काळजी घेत आहे.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं देवस्थान, तापीचा काठ, आणि घोड्यांचा असा बाजार की देशभरातून लोक बघायला येतात. लाखांच्या किमती ऐकून मोठ्यांचे डोळे फिरतात. आमच्या दोघांनी एका पांढऱ्याशुभ्र घोड्यापुढं उभं राहून व्यवहार ठरवून टाकला. एकच घेऊ, पैसे वाचतील. पण पुढे कोण बसणार?

घोडेवाला समजूतदार होता. "पुढचा पडला की मागचा पुढं येईल," म्हणाला. तोडगा न्याय्य होता. दोघं एकमेकांकडे बघायला लागले, तसे आम्ही त्यांना खेळण्यांच्या दुकानांकडे ओढलं.

दोन प्लॅस्टिकचे घोडे घेतले. एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, एकाच किमतीचे. घरी येऊन दिवा लावला तर थोरल्याच्या घोड्याचा एक डोळा छापताना जरा वर सरकलेला. "माझा तिरळा आहे!" नवरा त्या दिवशी सुट्टीवर होता, आणि सुट्टीवरचा माणूस काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. त्यानं काळा मार्कर घेतला आणि समानतेच्या तत्त्वानुसार धाकट्याच्या घोड्याचाही डोळा वर सरकवला. आता दोन्ही घोडे तंतोतंत सारखे झाले, आणि दोन्ही पोरं एका पट्टीत रडायला लागली. घरात एवढी काटेकोर समानता मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मे महिन्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याची आठवणसुद्धा तापते. पारा चाळिशी ओलांडून बराच पुढे जातो, आणि घरात कुलर एक. खाली गाद्या घालून मध्ये खडूची रेघ ओढली. वारा रेघ मानत नाही. कुलरच्या हलणाऱ्या पट्ट्या चालू केल्या, तर थोरला आकडे मोजायला लागला: डावीकडे किती, उजवीकडे किती. नर्मदेच्या पाण्याचा लवाद 1969 ला बसला आणि निकाल 1979 ला आला. चार राज्यं, 28 दशलक्ष एकर-फूट पाणी, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातलं पाव दशलक्ष. पूर्वी मला वाटायचं, दहा वर्षं काय करत होते हे लोक? आता त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. आमच्या लवादाचा निकाल असा लागला की दोघं कुलरच्या तोंडाशी, एकाच उशीवर, एकमेकांच्या पोटात गुडघे खुपसून झोपतात आणि त्यांचे आईबाप भिंतीकडेला वर्तमानपत्रानं वारा घेतात.

पण यांना वाटणी येतच नाही असं समजू नका. सभासदांना सवलतीच्या दरात साखर देण्याची रीत महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांत जुनी आहे. दिवाळीच्या सुमारास आबांची ती साखर घरी आली आणि मी ती मोठ्या डब्यात भरली. काही दिवसांनी मुंग्यांची रांग दिसली. डब्याकडे जाणारी नव्हे, पलंगाखाली जाणारी. मोबाईलचा उजेड टाकून मी आडवी झाले. तिथं जुन्या वहीच्या पानावर साखरेचे दोन ढीग, शेजारी औषधाच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं मापाचं झाकण. मी खोलात जाऊन पाहणी केली, नंतर काटा आणून मोजलंसुद्धा. दोन्ही ढीग ग्रॅमभराच्या फरकानं सारखे. ना रडणं, ना लोळण, ना लवाद.

दोघांना उभं केलं.

"कोणी केलं हे?"

"आम्ही नाही," दोघं एका सुरात.

"मोजलं कोणी?"

"आम्ही दोघांनी," दोघं, पुन्हा एका सुरात, आणि मग एकमेकांकडे बघून गप्प.

तेच झाकण घेऊन दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोर्नव्हिटा मोजून दिलं. "त्याचं शीग लावून भरलंस!" धाकटा ओरडला. झाकणात खोट नव्हती. मी दिलं, हीच खोट. चोरीचा माल असला की दोघंही अव्वल दर्जाचे सहकारी असतात, आणि याबाबतीत ते काही जगावेगळे आहेत असं मला वाटत नाही. आबांना हे बोलून दाखवलं तर ते पुन्हा वर्तमानपत्रामागे खोकले.

तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या सर्व पाहुण्यांना नम्र विनंती. शहाद्याच्या स्टँडवर उतरलात की मुलांसाठी काही घ्यावंसं वाटेल, ते साहजिक आहे. घ्या. पण दोन घ्या, एकाच रंगाचे, एकाच दुकानातले, आणि दुकानातच उजेडात उलटेपालटे करून बघा. चॉकलेट असेल तर वेष्टन कोपऱ्यात फाटलेलं नको. फुगे नकोत, ते फुगवताना लहानमोठे होतात. आणि एकच वस्तू आणली असेल, तर दारातूनच मोठ्यानं सांगा की ती आबांसाठी आहे.